थायरॉइडचं रक्त घेताना चार प्रश्न विचारा आणि उत्तरं रिपोर्टवर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरच्या घडीतून हल्ली दिवसाआड एक तरी फुल बॉडी चेकअपचं पत्रक पडतं, साठ-सत्तर टेस्ट, घरी येऊन सॅम्पल, आणि वर मोठ्या अक्षरात थायरॉइड फ्री. माझं पंचवटीत मखमलाबाद नाक्याकडे मेडिकल आहे, बी.फार्म करून बरीच वर्षं काउंटरवर उभा आहे, आणि ह्या पत्रकांमधून निघालेले रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे येतात कारण डॉक्टरांची अपॉइंटमेंट चार दिवसांनी मिळते आणि मेडिकल कोपऱ्यावरच असतं. लोक मोबाइलवरची पीडीएफ पुढे धरतात, लाल अक्षरातला आकडा दाखवतात आणि विचारतात, दादा हे किती वाईट आहे? मी डॉक्टर नाही, डोस ठरवणं माझं काम नाही आणि मी तो ठरवत पण नाही, पण हे रिपोर्ट बघून बघून एक गोष्ट इतकी डोळ्यात खुपते की शेवटी पेपरला लिहायचं ठरवलं.

आधी हे सांगतो की टेस्ट करू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, गोवा वगैरे मिळून आपल्या देशातल्या आठ शहरांत झालेली एक मोठी पाहणी २०१३ साली छापून आली होती, त्यात मोठ्या माणसांपैकी शंभरात जवळपास ११ जणांना हायपोथायरॉइड, म्हणजे मंद पडलेला थायरॉइड, निघाला, आणि त्या लोकांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला आपल्याला हे आहे याचा पत्ताच नव्हता. थकवा, वजन, केस, पाळीची गडबड, थंडी सहन न होणं, हे सगळं घरातली बाई वर्षानुवर्षं कामाचा ताण म्हणून ढकलत राहते, तिची टेस्ट व्हायलाच पाहिजे. माझं म्हणणं पुढचं आहे. थायरॉइडच्या टेस्टमधला मुख्य आकडा टीएसएचचा, आणि तो एकटा वाचता येत नाही. रक्त किती वाजता काढलं, त्या दिवशी गोळी घेऊन झाली होती का, सोबत दुसरं काय काय चालू आहे, आणि बाई गरोदर आहे का, ह्या चार गोष्टी कळल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही किंवा चुकीचा लागतो. आणि नेमक्या ह्याच चार गोष्टी रक्त घेताना बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही. लॅबचा मुलगा नाव, वय, मोबाइल नंबर विचारतो, उपाशी आहात ना म्हणतो, दंडाला पट्टा बांधतो, पिवळ्या नाहीतर लाल टोपणाच्या ट्यूबमधे दोन-तीन मिली रक्त घेतो आणि पुढच्या घरी जातो. त्या मुलाची चूक नाही, त्याच्या फॉर्मवर ते प्रश्नच नाहीत.

ही टेस्ट नक्की काय मोजते हे पण लोकांना कोणी नीट सांगत नाही म्हणून थोडं लिहितो. टीएसएच थायरॉइडमधून येत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते ती टीएसएच सोडते, आणि गळ्यातल्या थायरॉइडला त्यातून काम करायचा हुकूम मिळतो. थायरॉइड मंद पडला की पिट्युटरी जास्त जोरात हुकूम सोडते म्हणून टीएसएच वाढतं, थायरॉइड जास्त धावायला लागला की पिट्युटरी गप्प बसते म्हणून टीएसएच खाली जातं. थायरॉइडमधून निघतात ते टी-फोर आणि टी-थ्री, त्यातलं बहुतेक रक्तातल्या प्रोटीनला चिकटून फिरतं आणि जे मोकळं असतं ते खरं कामाचं, त्याला फ्री टी-फोर फ्री टी-थ्री म्हणतात. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते प्रोटीन वाढतं त्यामुळे टोटल टी-फोर वाढलेलं दिसतं आणि आजार मात्र काहीच नसतो, म्हणून बहुतेक डॉक्टर फ्री टी-फोर बघतात. पॅकेजमधे मात्र बऱ्याचदा टोटलच असतं. आणखी एक म्हणजे पिट्युटरी फार संवेदनशील आहे, टी-फोर अर्ध्यावर आलं तर टीएसएच दुप्पट नाही होत, शंभर पटीपर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे मागच्या वेळी ३.८ होतं आणि आता ४.९ आलं म्हणून घरात सुतकी चेहरे करून बसायचं काही कारण नसतं, एवढा फरक तर दिवसाच्या वेळेनेसुद्धा पडतो.

वेळेचंच घ्या. टीएसएच दिवसभर सारखं नसतं, संध्याकाळनंतर वाढत जातं, मध्यरात्र उलटून पहाटेच्या आधी सगळ्यात वर असतं आणि दुपारी सगळ्यात खाली. एकाच माणसाचं सकाळी सात वाजता आणि दुपारी तीन वाजता रक्त घेतलं तर आकडे वेगळे येणार, आणि जो माणूस बॉर्डरवर आहे तो सकाळी लाल अक्षरात आणि दुपारी काळ्या अक्षरात येऊ शकतो. ह्यात आपल्या नाशिकची एक खास गोष्ट आहे. सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांत थर्ड शिफ्ट करणारी हजारो माणसं आहेत. झोपेमुळे टीएसएच दबतं आणि रात्रभर जागं राहिलं की ते जास्त वर जातं. म्हणजे थर्ड शिफ्ट सुटल्या सुटल्या, घरी जायच्या आधी, उपाशीच आहे तर देऊन टाकू असं म्हणून जो माणूस लॅबमधे शिरतो त्याचा आकडा त्याच्या जागरणाचा पण असतो. ते रिपोर्टवर कुठेच दिसत नाही. डॉक्टरांना कसं कळणार की हा माणूस आठ तास मशीनवर उभा राहून आलाय? बरं, मोठ्या लॅबच्या रिपोर्टवर वेळ छापलेली असते असं कोणी म्हणेल, असते, पण घरून घेतलेल्या सॅम्पलला ती बऱ्याच वेळा बारकोड स्कॅन केल्याची नाहीतर नोंदणीची वेळ असते, आणि लहान लॅबच्या रिपोर्टवर नुसती तारीख.

उपाशीपोटीचं पण सांगतो. शुगरला जसं उपाशी राहणं सक्तीचं तसं थायरॉइडला नाही, पण खाल्ल्यानंतर टीएसएच थोडं खाली येतं, त्यामुळे दर वेळी एकाच पद्धतीने द्यावं, सकाळी तर सकाळीच, उपाशी तर उपाशीच, आणि शक्यतो एकाच लॅबमधे. लॅब बदलली की मशीन बदलतं, किट बदलतं, नॉर्मल रेंज बदलते. आता ह्यावरून आठवलं, एक काका अगदी घामाघूम होऊन आले होते, आधीच्या रिपोर्टमधे फ्री टी-फोर १.२ आणि नव्या रिपोर्टमधे १५.४, म्हणाले बाराच्या वर पट वाढलंय, मुलगा म्हणतोय ॲडमिट व्हा. मी दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यावर आकड्यापुढे बारीक अक्षरात नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर होतं, दुसऱ्यावर पिकोमोल प्रति लिटर. पहिल्याला साधारण १२.८७ ने गुणलं की दुसरं मिळतं, १.२ गुणिले १२.८७ म्हणजे १५.४४. तोच आकडा! दोन्ही रिपोर्टांवर शेजारी रेंज पण छापलेली होती आणि दोन्हीत ते नॉर्मलच होते, फक्त घाबरलेला माणूस रेंज बघत नाही, तो आकडा बघतो. काकांना पाणी दिलं आणि मुलाला फोन लावून दिला.

आता गोळीचं. जे लोक थायरॉक्सिनची, म्हणजे टी-फोरचीच, गोळी घेतात त्यांनी टेस्टच्या दिवशी आधी रक्त द्यावं आणि मग गोळी घ्यावी. गोळी घेतल्यावर पुढचे काही तास रक्तात फ्री टी-फोर चढलेलं असतं, त्या वेळात रक्त घेतलं की ते जास्त दिसतं. पण लोकांना सांगितलेलं असतं की थायरॉइडची गोळी सकाळी उठल्या उठल्या, कधी चुकवायची नाही, त्यामुळे साडेसहाला गोळी घेतात आणि साडेसातला लॅबचा मुलगा येतो. त्यात त्यांचं काय चुकलं? आणि उलटा प्रकार पण होतो. दोन-तीन महिने गोळीत खंड पडलेला असतो, गावाला गेले, लग्न होतं, विसरलं, आणि डॉक्टर रागावतील म्हणून टेस्टच्या आधी चार-पाच दिवस अगदी नियमाने गोळ्या घेतात. मग रिपोर्ट असा विचित्र येतो की फ्री टी-फोर व्यवस्थित आणि टीएसएच मात्र चढलेलं, कारण टी-फोर गोळीने लगेच भरून निघतं पण पिट्युटरीला सावरायला आठवडे लागतात. डॉक्टरांना खरं सांगितलं नाही तर डोस वाढतो, आणि मग तो वाढलेला डोस नियमाने घेतला की छातीत धडधड.

डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत टेस्ट करून फायदा नाही हे पण मी रोज सांगत असतो. रक्तातलं टी-फोर अर्धं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे नवीन डोसवर सगळं स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात, त्याआधीचा आकडा अर्धवट असतो. पॅकेज स्वस्तात मिळालं म्हणून मधेच करून टाकली, असं लोक सांगतात, आणि मग तो अर्धवट आकडा बघून स्वतःच ५० मायक्रोग्रॅमची गोळी अर्धी करायला लागतात.

सोबत काय चालू आहे हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे सगळं माझ्या काउंटरवरूनच जातं. कॅल्शियम आणि लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवते, ती रक्तात जाऊ देत नाही, म्हणून मधे चार तासांचं अंतर लागतं. चहा-कॉफी-नाश्ता अर्धा तास, शक्यतो तासभर नंतर. आणि गॅसची गोळी! आपल्याकडे सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या दोनच, थायरॉइडची आणि गॅसची, दोन्ही एकाच घोटात घेतात आणि गॅसची गोळी पोटातलं आम्ल कमी करते त्यामुळे थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही. महिनोन् महिने चालणारी गॅसची गोळी हे टीएसएच वर जाण्याचं एक साधं कारण असू शकतं, पण रिपोर्टवर ते कुठे येणार, तिथे फक्त लाल आकडा येतो आणि डोस २५ ने वाढतो.

आणि बायोटिन. केसांच्या, नखांच्या गोळ्या म्हणून जे हल्ली पार्लरपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे विकलं जातंय ते. माणसाला रोज बायोटिन लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम, ह्या गोळ्यांत असतं ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे दहाची गोळी ही रोजच्या गरजेच्या तीनशे पटीहून जास्त. आता होतं काय, टीएसएच मोजणाऱ्या काही मशीनच्या किटमधे बायोटिन हाच चिकटवण्याचा दुवा म्हणून वापरलेला असतो, अँटिबॉडीला बायोटिन जोडलेलं असतं आणि ते स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रोटीनला घट्ट धरतं. रक्तातच ढिगाने बायोटिन असेल तर सगळ्या जागा तेच अडवून बसतं आणि मशीनचा हिशोब बिघडतो. टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि टी-फोर, टी-थ्री खोटंच जास्त दिसतं, म्हणजे अगदी हायपरथायरॉइडचं, जास्त धावणाऱ्या थायरॉइडचं चित्र. सगळ्या किटमधे असं होत नाही पण कुठली लॅब कुठलं किट वापरते हे पेशंटला थोडंच माहीत असतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, ह्याबद्दल २०१७ सालीच इशारा दिला होता आणि २०१९ ला परत दिला, आपल्याकडे गोळीच्या डबीवर ते लिहिलेलं मला तरी क्वचितच दिसतं.

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक शिक्षिका ताई आहेत, ७५ ची गोळी चालू. त्यांचा रिपोर्ट आला टीएसएच ०.०५. घरातल्यांनी गुगल केलं आणि सगळे हवालदिल, गोळी बंद करू का म्हणून विचारायला आल्या. मी त्यांच्याकडे बघतोय तर ताईंच्या अंगात स्वेटर, ऑक्टोबरच्या उन्हात, चेहरा सुजल्यासारखा, बोलणं हळू, म्हणाल्या दिवसभर झोप येते. ज्याचा थायरॉइड धावतोय त्याला घाम फुटतो, हात थरथरतात, वजन उतरतं, इथे सगळंच उलटं. विचारलं दुसरं काय घेता, तर पर्समधून केसांच्या गोळ्यांची डबी निघाली, दहा मिलिग्रॅम, पार्लरमधून घेतलेली. मी गोळी बंद करू नका एवढंच म्हणालो आणि डबी घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी बायोटिन थांबवून आठवड्याने परत रक्त काढायला सांगितलं आणि टीएसएच सातच्या वर आलं. म्हणजे खरं तर त्यांना गोळी वाढवून हवी होती आणि पहिल्या रिपोर्टवर विश्वास ठेवला असता तर ती कमी झाली असती. ह्यात सगळ्यात वाईट काय वाटतं तर थायरॉइड कमी पडला की केस गळतात, केस गळतात म्हणून बाई बायोटिन घेते, आणि बायोटिनमुळे तिचा थायरॉइड कमी पडलाय हेच रिपोर्टात झाकलं जातं. टेस्टच्या आधी किमान दोन दिवस, आणि डोस मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून जास्त दिवस, ती गोळी बंद ठेवायची, एवढंच करायचं असतं. पण रक्त घेताना एक वाक्य कोणीतरी विचारायला हवं ना, की ताई केसांच्या गोळ्या चालू आहेत का?

आता शिबिरांबद्दल. मंडळं, सोसायट्या, पक्ष सगळे मनापासून शिबिरं घेतात त्यांच्या हेतूवर मला काही बोलायचं नाही. पण शिबिरात टीएसएच ५.८ आलं आणि त्याच कागदावर कोणीतरी २५ ची गोळी लिहून दिली आणि माणूस ती जन्मभर घ्यायची समजून घेत राहिला, असं मी कितीतरी वेळा बघितलंय. टीएसएच थोडंसं वर आणि फ्री टी-फोर नॉर्मल असेल तर सहसा दोन-तीन महिन्यांनी परत टेस्ट करून बघतात आणि कितीतरी जणांचं ते आपोआप खाली आलेलं असतं. दहाच्या वर असेल, गरोदर असेल, तर गोष्ट वेगळी. वयाप्रमाणे पण टीएसएच थोडं वर सरकतं, सत्तरीच्या आजोबांचं साडेपाच हे पंचविशीच्या पोराच्या साडेपाचसारखं नसतं, आणि म्हाताऱ्या माणसाला गरज नसताना गोळी जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. आणखी एक, मोठं आजारपण होऊन गेलं की त्यातून सावरताना टीएसएच काही दिवस वर जातं. आपल्याकडे पावसाळ्यानंतर डेंग्यू-चिकनगुनियाने घरंच्या घरं आडवी होतात, मग अशक्तपणा जात नाही म्हणून सगळ्या टेस्ट करतात आणि त्यात थायरॉइड निघतो. आधी नीट बरं व्हा, महिना-दीड महिना जाऊ द्या, मग तपासा. थंडीत पण टीएसएच किंचित जास्त येतं, निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत बॉर्डरवरचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांना मी हे सांगतो.

पैशाचं पण बोलतो. ज्याचा हायपोथायरॉइड माहीत आहे आणि गोळी चालू आहे त्याला दर वेळी टी-थ्री, टी-फोर, टीएसएच अशी पूर्ण प्रोफाइल लागतेच असं नाही, बहुतेकांना नुसतं टीएसएच पुरतं, टी-थ्रीचा त्यात फारसा उपयोग नसतो. आणि अँटी-टीपीओ अँटिबॉडी, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उलटलंय का हे बघायची टेस्ट, एकदा पॉझिटिव्ह आली की ती परत परत करून काही नवीन कळत नाही. लॅबने आधी टीएसएच करावं, ते रेंजच्या बाहेर आलं तरच त्याच सॅम्पलमधून फ्री टी-फोर करावं, अशी सोय काही ठिकाणी आहे, ती सगळीकडे व्हावी.

चौथा प्रश्न गरोदरपणाचा. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा स्वतःचा थायरॉइड काम करत नसतो, साधारण बाराव्या आठवड्याच्या पुढे तो सुरू होतो, तोपर्यंत बाळाच्या मेंदूला लागणारं टी-फोर आईकडूनच जातं. त्याच काळात एचसीजी नावाचं गरोदरपणाचं हार्मोन थायरॉइडला चालना देतं त्यामुळे टीएसएच एरवीपेक्षा खाली असतं, म्हणून नॉर्मल रेंज वेगळी धरतात. आणि रिपोर्टवर छापलेली रेंज कुठली? तर सगळ्यांसाठी तीच. बाईचा आकडा काळ्या अक्षरात येतो आणि घरातले म्हणतात नॉर्मल आहे, पुढच्या महिन्यात दाखवू. ज्या मुलींना आधीपासून गोळी चालू आहे त्यांनी तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करायला पाहिजे, बहुतेकींचा डोस पाव हिश्श्याने किंवा थोडा जास्तच वाढवावा लागतो आणि निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. त्यात सरकारी दवाखान्यातून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात आणि सासू सगळ्या गोळ्या एकाच वाटीत काढून ठेवते, सकाळी विसरायला नको म्हणून. प्रेमानेच करते, पण त्या वाटीतली थायरॉइडची गोळी निम्मी वाया जाते. थायरॉइडची सकाळी, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री, असं मी पाकिटांवर पेनाने लिहून देतो, आशाताईंनी आणि अंगणवाडीतल्या ताईंनी पण हे सांगितलं तर पेठ-सुरगाण्यापर्यंत पोचेल.

माझी मागणी अवघड नाहीये. नाशिकमधल्या सगळ्या लॅबनी, शिबिरवाल्यांनी, घरून सॅम्पल नेणाऱ्या कंपन्यांनी थायरॉइडच्या फॉर्मवर चार ओळी वाढवाव्यात. रक्त प्रत्यक्ष किती वाजता काढलं आणि आदल्या रात्री झोप झाली होती का, आज थायरॉइडची गोळी घेतली का आणि डोस शेवटचा कधी बदलला, बायोटिन किंवा गॅस-लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत का, आणि गरोदर असाल तर कितवा महिना. उत्तरं रिपोर्टवर आकड्याच्या खालीच छापावीत, म्हणजे रिपोर्ट कुठल्याही डॉक्टरांकडे गेला तरी ती सोबत जातील. पॅथॉलॉजिस्ट मंडळींनी मनावर घेतलं तर एका सॉफ्टवेअर बदलाचं काम आहे. सॅम्पल घेणाऱ्या मुलांना अर्ध्या तासाचं ट्रेनिंग पुरेल. आम्ही केमिस्ट लोकांनी पण थायरॉक्सिनच्या प्रत्येक बाटलीसोबत आणि बायोटिनच्या प्रत्येक डबीसोबत टेस्टबद्दलची एक चिठ्ठी द्यावी, मी माझ्या दुकानात ती देतो, झेरॉक्सला कितीसा खर्च येतो.

आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि सिव्हिल हॉस्पिटलला एक वेगळी विनंती आहे. राज्य सरकारच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत ही फार मोठी सोय आहे, पण थायरॉइडची तपासणी कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी, किती वाजेपर्यंत होते हे सिव्हिल, बिटको, झाकीर हुसेन ह्या हॉस्पिटलांच्या दारात मराठीत मोठ्या अक्षरात लावा, लोक माझ्याकडे विचारायला येतात ते तिथे लिहिलेलं असलं पाहिजे. आणि नवजात बाळांच्या टाचेतून रक्त घेऊन जी टीएसएच तपासणी करतात ती सगळ्या प्रसूतिगृहांत न चुकता व्हावी. आपल्या देशात हजार-अकराशे बाळांमागे साधारण एका बाळाचा थायरॉइड जन्मतःच कामाचा नसतो, आणि असं बाळ जन्मल्यावर अगदी गोंडस, ठणठणीत दिसतं, बघून ओळखता येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतर मुलांसारखंच वाढतं, उशीर झाला तर मेंदूचं जे नुकसान होतं ते भरून निघत नाही. इथे पण वेळेचाच प्रश्न आहे, जन्मल्या जन्मल्या प्रत्येक बाळाचं टीएसएच जोरात वर जातं म्हणून टाचेतलं रक्त ४८ तास उलटून गेल्यावर घेतात, आणि नॉर्मल बाळंतपण झालेली बाई कित्येकदा त्याच्या आधीच घरी जायची घाई करते, कोणाची शेतावरची कामं असतात, कोणाचं मोठं पोर घरी असतं. अशा वेळी डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या टाचेच्या रक्ताची तारीख आणि जागा लाल पेनाने लिहून द्यावी आणि त्या तारखेला बाळ आलं नाही तर आशाताईंना फोन जावा, एवढी व्यवस्था नाशिक जिल्ह्यात झाली तर मी आपल्या पेपरचे आणि आरोग्य विभागाचे जाहीर आभार मानीन.

आपला,
एक मेडिकल दुकानदार व आपला रोजचा वाचक,
मखमलाबाद नाका, पंचवटी, नाशिक